अनोळखी माणसाचा मान

इस्पितळाच्या दारासमोर, 'शांतता क्षेत्र' अशी पाटी असलेल्या खांबाखाली, लाल सिग्नलला थांबलेली गाडी एकसारखी हॉर्न वाजवत असते. बसमध्ये कोणीतरी हेडफोन न लावता मोबाइलवर रील्स बघत बसतो आणि ती सगळ्या बसला ऐकावी लागतात. लिफ्टमधली माणसं बाहेर पडायच्या आत बाहेरची आत घुसतात. तिकिटाच्या खिडकीशी 'फक्त सुट्टे घ्यायचेत' म्हणत एक हात बाजूने पुढे सरकतो. हॉटेलात वेटरला चुटकी वाजवून बोलावलं जातं. यातल्या कशानेही सहसा कोणाचा जीव जात नाही, पण शहरात राहणाऱ्या माणसाचा दिवस कडू होतो तो अशाच गोष्टींनी. या वागण्यावर आपल्याकडे एक निदान तयार असतं: 'संस्कारच नाहीत'. उपायही ठरलेला असतो: घरात आणि शाळेत चांगलं वळण लावा. मला हे निदान चुकीचं वाटतं आणि ते चुकल्यामुळेच पिढ्यानपिढ्या तोच उपाय करूनही गुण येत नाही. बेपर्वाईने वागणाऱ्या बहुतेकांना नियम ठाऊक असतो, वळणही लागलेलं असतं. उणीव असते ती वेगळ्याच ठिकाणी. समोरच्या अनोळखी माणसाचा वेळ, त्याचे कान आणि त्याची जागा आपल्याइतकीच मोलाची आहे, हे मनाने मानलेलं नसतं. उद्धटपणा हे विषमतेचं रोजच्या व्यवहारातलं रूप आहे आणि त्याकडे तसं पाहिलं तरच त्यावर इलाज सापडेल.

रांग मोडण्याची साधी क्रिया जवळून पाहू. मध्येच घुसणाऱ्याला रांग म्हणजे काय हे कळत नाही, असं कधीच नसतं. ती कुठे संपते हे त्याने आल्याआल्या पाहिलेलं असतं. बाकीचे शिस्तीत उभे आहेत म्हणूनच त्याला घुसण्यात फायदा आहे. सगळेच घुसू लागले तर त्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणजे त्याला नियम हवाच असतो, फक्त तो इतरांसाठी. त्याच रांगेत त्याचा साहेब किंवा गणवेशातला पोलीस अधिकारी उभा असेल तर तो मुकाट्याने मागे जाऊन उभा राहतो. कोणापुढे घुसता येतं आणि कोणापुढे नाही, याचा हिशेब क्षणात झालेला असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ अ‍ॅरन जेम्स यांनी २०१२ साली अशा माणसावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला एका इंग्रजी शिवीचंच नाव दिलं. त्यांच्या मते या माणसाची लक्षणं तीन. तो इतरांबरोबरच्या व्यवहारात सतत स्वतःसाठी खास सवलत घेतो. ती आपल्याला मिळायलाच हवी, अशी त्याची पक्की समजूत असते. आणि म्हणून कोणी हरकत घेतली तरी ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तिसरं लक्षण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 'अहो, रांग इकडे आहे' असं म्हटल्यावर चुकून पुढे आलेला माणूस ओशाळतो, तर हक्क सांगणारा उलट आपल्यावरच चिडतो. त्याच्या दृष्टीने अपमान त्याचाच झालेला असतो.

तत्त्वज्ञांनी रोजच्या शिष्टाचाराच्या या विषयाकडे फार काळ दुर्लक्ष केलं. थॉमस हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन'मध्ये माणसाच्या वर्तनाची चर्चा करताना नमस्कार कसा करावा, चारचौघांत दात कोरावेत की नाही, असल्या बाबी किरकोळ नीती म्हणून पहिल्या फटक्यातच बाजूला सारल्या. शिष्टाचार म्हणजे वरवरचं सजावटीचं काम, खरी नीती म्हणजे न्याय, सत्य, अहिंसा, असा समज त्यानंतरही टिकून राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काहींनी तो तपासून पाहिला. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली दाखवून दिलं की रस्त्यावर दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली की एकमेकांकडे ओझरतं पाहतात आणि मग नजर काढून घेतात. त्या नजरेत 'तू इथे आहेस हे मला दिसलं' हे असतं आणि नजर काढून घेण्यात 'तुझ्यात मी नाक खुपसणार नाही' हे असतं. तत्त्वज्ञ सारा बस यांनी १९९९ साली त्यापुढे जाऊन म्हटलं की, दुसऱ्याविषयीचा आदर त्याला दिसेल असं वागणं हे नीतीवरचं नक्षीकाम नव्हे, नीतीचाच गाभा आहे. कारण समोरचा माणूस दखल घेण्याजोगा आहे हे आपण त्याला सरळ सांगतो ते याच मार्गाने. मनात कितीही समतेचा विचार असला, तरी वॉचमनने उघडलेल्या दारातून त्याच्याकडे न बघता जाणाऱ्याने तो विचार त्याच्यापर्यंत पोचवलेला नसतो.

आता आपल्या संस्कारांकडे वळू. ते कमी आहेत असं कोणी म्हणणार नाही. मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा, पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं, वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसायचं नाही, हे मराठी घरात लहानपणीच अंगवळणी पडतं. पण या वळणाची दिशा पाहा. त्यात आदर जातो तो एक तर वर, म्हणजे वयाने, नात्याने, पदाने मोठ्या असलेल्यांकडे. नाही तर आत, म्हणजे आपल्या माणसांकडे. जो मोठाही नाही आणि आपलाही नाही, नुसता शेजारून चाललेला माणूस आहे, त्याच्याशी कसं वागायचं हे या शिकवणीत फारसं येत नाही. त्यामुळे पाहुण्यांची उत्तम सरबराई करणारं घरच गॅलरीतून कचरा खाली टाकू शकतं आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. साहेबांशी 'अहो-जाहो' करणारी जीभ दुप्पट वयाच्या रिक्षावाल्याशी सहज 'अरे-तुरे'वर येते. आधुनिक शहराने आपल्याला अनोळखी बरोबरीच्या माणसांच्या गर्दीत आणून सोडलं, पण शिष्टाचार मात्र आपण उतरंडीच्या गावातले घेऊन आलो. हे दुखणं सर्वांत स्पष्टपणे ओळखलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिलं की जातीने सार्वजनिक वृत्तीच मारून टाकली. माणसाची जबाबदारी आणि निष्ठा जातीच्या कुंपणाशी येऊन थांबली. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नाही, सोबतच्या माणसाविषयी आदर बाळगण्याची वृत्ती आहे, हा त्यांचा विचारही याच ग्रंथातला. राज्यघटनेच्या सरनाम्यात स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बंधुता आहे आणि तिथे तिचा संबंध थेट व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडलेला आहे. रांगेतली जागा, रस्त्यावरचा आवाज आणि रिक्षावाल्याशी बोलण्याची पद्धत हा बंधुतेचा रोजचा व्यवहार आहे.

उद्धटपणामागे अज्ञान नसून सवलतीची सवय असते, याचा उत्तम पुरावा न्यूयॉर्कमध्ये मिळतो. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांमुळे जगभरचे राजनैतिक अधिकारी शहरात राहतात आणि पूर्वी राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी या दंडाच्या नोंदी तपासून २००७ साली निष्कर्ष मांडले. नोव्हेंबर १९९७ ते २००२ च्या अखेरीपर्यंत या गाड्यांवर दीड लाखाहून अधिक दंडपावत्या थकलेल्या होत्या आणि थकलेली रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरांच्या वर होती. ही माणसं अशिक्षित नव्हती. राजशिष्टाचार हा तर त्यांच्या पेशाचाच भाग; मेजवानीत कोणत्या पाहुण्याला कुठे बसवायचं, हे त्यांना तोंडपाठ. पुढे २००२ मध्ये नियम बदलला आणि तीनपेक्षा जास्त दंड थकवणाऱ्या गाडीची राजनैतिक नंबर प्लेट काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला. त्यानंतर हे प्रमाण जवळपास ९८ टक्क्यांनी घसरलं. एवढ्या थोड्या अवधीत कोणाचे संस्कार बदलत नाहीत. बदलली ती सवलत. याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. काही देशांचे अधिकारी, उदाहरणार्थ नॉर्वे आणि स्वीडनचे, दंड वसूल होत नव्हता तेव्हाही नियम पाळत होते. म्हणजे घरून आणलेल्या सवयीला वजन आहेच. पण ती सवय कशाची, हा खरा प्रश्न आहे. वरच्याला मान देण्याची सवय इथे कामाला येत नाही. कोणी बघत नसताना, समोर कोणी मोठा नसताना, अनोळखी माणसाची अडचण लक्षात घेण्याची सवय लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: देशापुढे इतके मोठे प्रश्न असताना हॉर्न आणि रांगा काय घेऊन बसलात? हा आक्षेप दोन कारणांनी टिकत नाही. एक तर असं वागणं पसरतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी एका गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीची चिठ्ठी अडकवून ठेवली. जवळ कचराकुंडी नव्हती. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी ती चिठ्ठी खाली टाकली. 'भिंतीवर लिहू नये' ही पाटी तशीच ठेवून भिंत रंगवून विद्रूप केली, तेव्हा टाकणारे ६९ टक्के झाले. शहर तेच होतं, गल्ली तीच होती. दुसऱ्या कोणी एक नियम मोडलेला दिसताच आपण वेगळाच नियम मोडायला मोकळे झालो, असं त्यांना वाटलं. दुसरं कारण याहून गंभीर आहे. इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१५ साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणासाठी उभ्या केलेल्या प्रसंगात एका बाळाची प्रकृती अचानक बिघडते. त्याआधी परदेशी तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिलेल्या व्यक्तीने काही पथकांना तिथल्या वैद्यकीय सेवेच्या दर्जाबद्दल थोडं लागेल असं सुनावलं. शिवी नव्हती, आरडाओरडा नव्हता. तरीही त्या पथकांचं निदान आणि उपचार दोन्ही ढासळले, कारण माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली, मदत मागेनाशी झाली. अवमान झालेला माणूस आत मिटतो आणि त्याची किंमत तिसराच मोजतो. आपल्या कचेऱ्यांत, इस्पितळांत, वर्गांत रोज किती जण असे मिटत असतील, याचा विचार केला तर ही बाब किरकोळ म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा. एवढी माणसं, एवढ्या थोड्या सोयी. ढकलाढकली होणारच, असं म्हटलं जातं. गर्दीने माणूस त्रासतो हे खरं, पण गर्दीतूनच उद्धटपणा जन्मतो असं असतं, तर मुंबईची लोकल हे जगातलं सर्वांत असभ्य ठिकाण ठरलं असतं. प्रत्यक्षात त्याच डब्यात तीन जणांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून जागा केली जाते. उभ्या माणसाची बॅग हातोहात रॅकवर पोचते. महिलांच्या डब्यात 'कुठे उतरणार?' असं विचारून बसायची जागा कोणाकडून कोणाकडे जाईल हे आधीच ठरतं आणि ते बहुधा पाळलं जातं. हीच माणसं स्टेशनाबाहेर शेअर रिक्षासाठी किंवा बसस्टॉपवर लांबलचक रांग लावतात. याउलट भर गर्दीत गटाची दादागिरीही चालते: विरार लोकलमध्ये मध्येच बोरिवलीला उतरणारा चढला, तर दारातला नेहमीचा गट त्याला उतरू देत नाही, ही जुनी तक्रार आहे. गर्दी दोन्हीकडे तेवढीच असते. फरक पडतो तो समोरच्याला 'आपल्यासारखाच चाकरमानी' मानलं की 'आपल्या गाडीत घुसलेला' मानलं, यावर. शिवाय गर्दीचा मागमूस नसलेल्या ठिकाणीही उद्धटपणा भेटतोच. रात्री रिकाम्या रस्त्यावर डोळे दिपवणारा हायबीम लावून येणारी गाडी कोणत्याही टंचाईची बळी नसते.

तिसरा आक्षेप हौसेचा आणि श्रद्धेचा आहे. सण, मिरवणूक, लग्नाची वरात यात आनंद आहे. त्यात थोडा आवाज व्हायचाच, सगळ्यांनी जरा सोसावं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आनंदाला माझा विरोध नाही. पण सोसायचं कोणी, हा निर्णय इथे सोसणाऱ्याला न विचारता घेतला जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी केली आहे आणि सणासुदीला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याची तरतूदही ठेवली आहे. म्हणजे कायद्याने आनंदाला जागा दिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात त्यामागचं तत्त्व सांगितलं: बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण ऐकायची इच्छा नसलेल्याच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क त्यात येत नाही. डीजेची भिंत उभी राहते तेव्हा या तत्त्वालाच नकार दिला जातो. एकेकट्या माणसाचा 'मला चालतं' हा दावा गटात शिरला की 'आम्हाला चालतं' होतो आणि मग त्याविरुद्ध बोलणारा म्हातारा किंवा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी धर्मद्रोही ठरते. जेम्स यांनी सांगितलेलं तिसरं लक्षण, हरकत आपल्यापर्यंत पोचूच न देणं, इथे पूर्ण रूपात दिसतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र चौथा आहे. सभ्यता हे नेहमी बलवानांचंच हत्यार राहिलेलं आहे. दबलेल्यांनी आवाज उठवला की त्यांनाच उद्धट म्हटलं जातं. इतिहास याला साक्ष आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला, तरी प्रत्यक्षात काही घडलं नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यांना पायरी सोडून वागणारे ठरवलं गेलं, त्यांच्यावर हल्ले झाले आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. तेव्हा सभ्यतेच्या नावाखाली मुकाट राहायला सांगणाऱ्यांवर अविश्वास ठेवणं रास्तच आहे. पण याच प्रसंगातून खरी कसोटीही हाती येते. वागण्यातून जो हक्क सांगितला जातो, तो सगळ्यांसाठी आहे की फक्त स्वतःसाठी, हे विचारायचं. सत्याग्रहींची मागणी सर्वांनी पाणी प्यावं ही होती. नियमही त्यांच्याच बाजूने होता. पाणी फक्त आपलं म्हणणारे खरे रांग मोडणारे होते. या कसोटीवर रोखठोक टीका, घोषणा, मोर्चा, संप हे आवाजाने कितीही कर्कश असले तरी उद्धट ठरत नाहीत आणि अत्यंत मृदू आवाजात 'मला जरा आधी सोडा' म्हणणारा प्रतिष्ठित माणूस उद्धट ठरतो.

हे मान्य केलं तर उपायांची दिशा बदलते. नियम ठाऊक असलेल्यांना पुन्हा नियम सांगून उपयोग नाही. त्यांच्या मनातली सवलत काढून घ्यावी लागेल. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, ते पाऊल म्हणूनच योग्य होतं. पण काचेवर 'पोलीस', 'प्रेस' किंवा एखाद्या पदाची पाटी लावून तीच सवलत आजही मागितली जाते आणि बहुतेक वेळा मिळतेही. एकाला सोडलं की मागच्या शंभरांना कळतं की इथे नियम दुबळ्यांसाठी आहे. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक वेगळी युक्ती दाखवली होती. काही निवडक सिग्नलवर ध्वनिमापक जोडले. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे उलटे मोजले जाणारे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. लाल सिग्नलला हॉर्न वाजवून रस्ता मोकळा होत नाही, हे प्रत्येक चालकाला आधीच कळत होतं. त्या यंत्राने त्या निरर्थक हक्कावर किंमत लावली. या युक्तीचा दोष एवढाच होता की शांत बसलेल्यालाही शिक्षा भोगावी लागत होती. म्हणून व्यक्तिशः आणि सर्वांवर सारखी कारवाई हाच पक्का मार्ग आहे. बँकेत टोकनचं यंत्र आलं तेव्हा खिडकीवरची झुंबड संपली, कारण आकड्याला ओळखपाळख नसते. अशी व्यवस्था जिथे शक्य आहे तिथे करणं हे सभ्यता शिकवण्याचंच काम आहे.

तरी सगळं यंत्रांवर आणि पोलिसांवर सोडून भागणार नाही, कारण बहुतेक प्रसंगी दोघेही हजर नसतात. तिथे घर आणि शाळा यांचं काम आहेच, फक्त शिकवायचं आहे ते वेगळं. आजोबांना नमस्कार करायला शिकवलेल्या मुलाला कचरा उचलणाऱ्या बाईंशी 'अहो' म्हणून बोलायला शिकवायचं. पाहुण्यासाठी उठायला शिकवलं, तसं बसमध्ये फोनचा आवाज बंद ठेवायलाही शिकवायचं. आणि ते शिकवताना स्वतः ओळखीने काम पुढे सरकवून घेतलं, तर मूल उपदेश विसरेल आणि ओळख लक्षात ठेवेल. रांगेत घुसणाऱ्याला शांतपणे पण सगळ्यांना ऐकू जाईल असं टोकायला हवं आणि दुसऱ्या कोणी टोकलं तर बाकीच्यांनी खाली मान न घालता त्याची बाजू घ्यायला हवी. एकट्याने टोकलं की ते भांडण ठरतं, पाच जणांनी टोकलं की नियम ठरतो. घटनेने दिलेली समता न्यायालयात मागता येते, पण रोजच्या रस्त्यावर ती एकमेकांना आपणच द्यायची असते, तीही ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळणार नाही अशा माणसाला. अशा माणसाशी आपण कसं वागतो, यावरूनच आपले संस्कार खरे किती ते ठरायला हवं.